सर्पगंधेची मुळी आणि कान पाडून बसलेला ससा

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी अधूनमधून येते. अमुक झाडाच्या पानांतून किंवा सालीतून एक द्रव्य वेगळं काढलं, ते प्रयोगशाळेतल्या उंदरांना दिलं आणि उंदरांचा रक्तदाब उतरला. आठ-दहा ओळींचा मजकूर. पूर्वी लोक ती कात्रीनं कापून ठेवत, आता मोबाइलवर पुढे पाठवतात. दोन दिवसांत भाजीबाजारात त्या पाल्याची विचारणा सुरू होते आणि एखाद्या घरात औषधाच्या गोळ्यांची पट्टी फडताळात मागे सरकते.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. विज्ञान माझं कॉलेजच्या उंबरठ्यावरच सुटलं. पण शब्दावर अडण्याची खोड मला आहे आणि या बातमीतला 'उतरला' हा शब्द मला नेहमी अडवतो. ताप उतरतो, नशा उतरते, भाव उतरतात, माणसाचा चेहराही उतरतो. रक्तदाब उतरला म्हणजे त्या जनावराच्या अंगात नेमकं काय झालं? किती वेळानं झालं? आणि त्याबरोबर आणखी काय काय उतरलं?

या प्रश्नांची उत्तरं पुरतेपणी मिळतात अशी एक वनस्पती आपल्याच मुलखातली आहे. तिचं नाव सर्पगंधा.

सर्पगंधा म्हणजे गुडघाभर उंचीचं झुडूप. सदाफुली आणि कण्हेर यांच्या कुळातलं. एका पेरावर तीन-तीन, चार-चार पानं, लालसर देठांवर पांढरी-गुलाबी फुलं आणि पिकल्यावर काळी पडणारी बारीक फळं. हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्री-कोकणापर्यंत दमट, सावलीच्या रानात ती वाढते. औषध आहे ते मुळीत, आणि मुळी कडूजहर. साप-विंचू चावला तर, ताप आला तर, बाळंतपणात अशा कितीतरी कारणांसाठी ती दिली जाई. बिहारकडे तिला सरळ 'पागल की दवा' म्हणत, कारण वेडाच्या भरात आरडाओरडा करणारा माणूस ती खाऊन शांत होई. शास्त्रीय नावात तिला 'रावोल्फिया' म्हणतात. हे नाव सोळाव्या शतकातल्या लिओनहार्ट राउवोल्फ या जर्मन वैद्याचं. तो पश्चिम आशियात हिंडला, पण आपल्याकडे आला नाही. प्ल्यूमिए या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञानं १७०३ मध्ये त्याच्या आठवणीसाठी हे नाव दिलं. म्हणजे ज्यानं ही वनस्पती कधी पाहिली नाही, त्याचं नाव तिला कायमचं चिकटलं.

नावाची दुसरी गोष्ट मला जास्त आवडते. दिल्लीचे हकीम अजमल खान हे १९२१ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष झाले, हे इतिहासाच्या पुस्तकात असतं. ते 'शैदा' या टोपणनावानं शायरी करत, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. युनानी आणि आयुर्वेदातल्या औषधांची परीक्षा आधुनिक रसायनशास्त्रानं व्हावी, ही त्यांची तळमळ. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात त्यासाठी संशोधन सुरू व्हावं, म्हणून त्यांनी जर्मनीत शिकून आलेल्या सलीमुझ्झमाँ सिद्दिकी या तरुणाला हाताशी धरलं. १९२७ च्या डिसेंबरात हकीमसाहेब गेले. सिद्दिकींनी काम सोडलं नाही. १९३१ मध्ये त्यांनी आणि रफत हुसेन सिद्दिकींनी सर्पगंधेच्या मुळीतून स्फटिकांच्या रूपात काही द्रव्यं वेगळी काढली. अशा कडू, नायट्रोजनयुक्त वनस्पतिद्रव्यांना अल्कलॉइड म्हणतात. त्यांतल्या एकाचं नाव सिद्दिकींनी ठेवलं अजमलीन. एका शायराचं नाव औषधाच्या बाटलीवर गेल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

त्याच १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी 'इंडियन मेडिकल वर्ल्ड'मध्ये एक लेख लिहिला. ही मुळी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर चालते, असं रोग्यांच्या अनुभवावरून त्यांनी सांगितलं. गणनाथ सेन हे कविराज. बंगालात वैद्याला कविराज म्हणतात. आमच्या महाराष्ट्रात कवीला कुणी वैद्य समजत नाही, हे रोग्यांचं नशीब. पुढे १९३३ मध्ये कलकत्त्याच्याच कर्नल रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळीतली द्रव्यं प्राण्यांवर तपासली आणि रक्तदाब उतरतो असं नोंदवलं.

इथं जरा थांबतो, कारण जनावराचा रक्तदाब मोजायचा कसा, हे कळल्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही.

पहिली मोजणी झाली ती घोडीवर. इंग्लंडमधले एक पाद्री, स्टीफन हेल्स. त्यांनी एका घोडीला आडवी बांधली, मांडीतल्या धमनीत पितळेची नळी घातली आणि तिला काचेची उंच नळी जोडली. रक्त त्या नळीत आठ फुटांहून वर चढलं. ही हकीकत त्यांनी १७३३ मध्ये छापली. पुढच्या काळात कुत्रा, मांजर किंवा ससा यांना भूल देऊन धमनीत नळी घालत आणि काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर दाबाची रेघ उमटवून घेत. औषध टोचलं की रेघ खाली येते का, हे पाहायचं. उंदरांची रीत सुटसुटीत. पांढऱ्या उंदराला अरुंद नळकांड्यात बसवतात, शेपटी बाहेर. शेपटीला ऊब देतात, म्हणजे तिच्यातल्या रक्तवाहिन्या फुलतात. मग आपल्या दंडाला डॉक्टर पट्टा बांधतात तसाच एक चिमुकला पट्टा शेपटीला. उंदीर घाबरला तरी दाब चढतो, म्हणून आधी कित्येक दिवस त्याला त्या नळकांड्याची सवय करावी लागते. दवाखान्यात पाय ठेवल्याबरोबर ज्यांचा दाब वाढतो, त्यांना हे वेगळं समजावायला नको. शिवाय उंदीर मुळात निरोगी असेल तर उतरवायचं काय? म्हणून १९६३ मध्ये जपानात क्योटोच्या ओकामोतो आणि आओकी यांनी जन्मजातच रक्तदाब वाढत जाणाऱ्या उंदरांचा एक वंश तयार केला. तुम्ही-आम्ही वाचतो त्या बातम्यांतले उंदीर पुष्कळदा याच घराण्यातले असतात.

आता काजळीच्या कागदाकडे परत येऊ. भूल दिलेल्या जनावराच्या शिरेत जवळजवळ कुठल्याही पाल्याचा गाळीव अर्क टोचला, तर रेघ थोडा वेळ खाली येऊ शकते. त्यात क्षार असतात, नाना द्रव्यं असतात. पाच मिनिटांनी रेघ पूर्ववत. म्हणजे रक्तदाब उतरला, हे खोटं नाही, पण त्यात दमही नाही. सर्पगंधेच्या बाबतीत नेमकं उलट होतं. तिच्यातलं खरं द्रव्य टोचल्यावर लगेच काही दिसत नाही. ते रेंगाळत कामाला लागतं, तासातासानं दाब खाली आणतं आणि मग खालीच ठेवतं. पाच-दहा मिनिटं रेघ पाहून घरी जाणाऱ्याला ते दिसायचंच नाही.

आणि हे खरं द्रव्य स्फटिकांत नव्हतंच! अजमलीन आणि त्याची भावंडं स्वच्छ, देखणी, बाटलीत भरून ठेवावी अशी. पण मुळी खाल्ल्यावर माणसाला जी गुंगी येते, ती या भावंडांनी येईना. १९४० च्या दशकात भारतातल्याच संशोधकांच्या ध्यानात आलं, की स्फटिक काढून घेतल्यावर मागे जो राळेसारखा चिकट गाळ उरतो, झोप आणणारं द्रव्य त्याच्यात आहे. गाळावर कोण लक्ष देतो? घरात तूप कढवलं की बेरी चाटायला आम्ही पोरं टपून असायचो, मोठी माणसं मात्र तूप बरणीत ओतून मोकळी व्हायची. तसंच हे. शेवटी स्वित्झर्लंडमध्ये बाझेल शहरी सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिट्लर आणि बाइन यांनी तो गाळ चिवटपणे उपसला. १९५२ मध्ये त्यातून एक द्रव्य शुद्ध रूपात हाती आलं. त्याचं नाव रेसर्पीन. बाइन यांनी ते प्राण्यांवर तपासलं आणि तीच सावकाश उतरणारी, पुष्कळ वेळ टिकणारी रेघ त्यांना मिळाली.

रेसर्पीन करतं काय, हे सांगायला मला भिश्ती लागतो. आजच्या मुलांनी भिश्ती पाहिलेला नाही. चामड्याची पखाल पाठीवर घेऊन तो घरोघर पाणी घालायचा.

आपल्या धमन्यांच्या भिंतींत स्नायू असतात. त्यांनी आवळून धरलं की नळी अरुंद होते आणि आतला दाब वाढतो. आवळून धरा, हा हुकूम मज्जातंतू आणतात. पण तंतूचं टोक स्नायूला प्रत्यक्ष चिकटलेलं नसतं, मधे फट असते. त्या टोकाशी अतिसूक्ष्म थैल्या असतात आणि थैल्यांत नॉरअॅड्रिनलिन नावाचं रसायन भरलेलं असतं. वरून हुकूम आला की थैली फटीत रिकामी होते, रसायन स्नायूला जाऊन भिडतं आणि स्नायू आवळतो. हृदयाकडे जाणारे तंतूही असेच, त्यांच्या हुकमानं ठोके वाढतात. या थैल्या म्हणजे पखाली. त्या भरायला प्रत्येकीच्या तोंडाशी एक पंप असतो.

रेसर्पीन जाऊन बसतं ते या पंपावर, आणि बसलं की उठत नाही. पखाल भरायची बंद होते. बाहेर सांडलेलं रसायन तिथलीच विकरं नासवून टाकतात. वरून हुकूम येतच असतो, भिश्ती दारात येतो, पखाल वाकवतो, पण आत थेंब नाही. स्नायू सैलावतात, धमन्या रुंदावतात, हृदयाचे ठोके मंदावतात आणि दाब उतरतो. आधी भरून ठेवलेला साठा संपायला वेळ लागतो, म्हणून गोळी सुरू केल्यावर माणसात पुरता परिणाम दिसायला दोन-तीन आठवडे जातात. औषध थांबवल्यावरही परिणाम लगेच जात नाही, कारण बिघडलेली पखाल दुरुस्त होत नाही. नवी पखाल तंतूच्या मूळ पेशीत शिवली जाऊन लांबवर टोकापर्यंत यावी लागते.

हे सगळं कळलं ते प्राण्यांमुळे. १९५५ च्या सुमारास अमेरिकेत ब्रोडी, शोअर आणि प्लेचर यांनी सशांना रेसर्पीन दिलं, तेव्हा त्यांच्या मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन ओसरलेलं दिसलं. १९५६ मध्ये स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन आणि सहकाऱ्यांनी पाहिलं, की सशाच्या हृदयातला नॉरअॅड्रिनलिनचा साठाही असाच रिता होतो. रक्तदाबाचं कोडं इथं सुटलं.

पण त्या सशांचं आणखी काहीतरी झालं होतं. रेसर्पीन दिलेला ससा कान पाडून, पोट जमिनीला टेकून नुसता बसून राहायचा. त्याला इजा झालेली नव्हती, तो झोपलेलाही नव्हता, पण जागचा हलत नव्हता. १९५७ मध्ये कार्लसन यांनी अशा सशांना एल-डोपा टोचलं. मेंदूत डोपामिन नावाचं आणखी एक रसायन असतं, ते बनवायचा हा कच्चा माल. थोड्याच वेळात सशाचे कान उभे राहिले, तो हिंडू लागला. सेरोटोनिनचा कच्चा माल देऊन पाहिला, त्यानं मात्र ससा उठला नाही. म्हणजे मेंदूतल्या पखालीही रिकाम्या झाल्या होत्या आणि हालचालीसाठी डोपामिनची पखाल भरलेली हवी होती. कंपवातात, म्हणजे पार्किन्सन रोगात, माणसाचं नेमकं हेच हरवतं, असं त्यातून पुढे कळलं आणि एल-डोपा आजही त्या रोगावर दिलं जातं. कार्लसन यांना २००० सालचं नोबेल मिळालं, त्यात त्या मरगळलेल्या सशाचा मोठा वाटा. रक्तदाबाची मुळी तपासताना कंपवाताचं औषध सापडलं.

आता माणसांकडे येतो. बातमीतल्या वनस्पती आज आधी उंदराकडे जातात. माणसाची पाळी नंतर येते आणि बहुतेकींची येतच नाही. सर्पगंधेचा क्रम उलटा होता. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी वर्षानुवर्षं ही मुळी रोग्यांना देऊन नोंदी ठेवल्या आणि त्यांतल्या पन्नास रोग्यांचा अभ्यास १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापला. रेसर्पीन अजून गाळात होतं, पखालीची गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. तरी जगाचं लक्ष गेलं ते या लेखानं. बॉस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी तो वाचून आपल्या रोग्यांना मुळी द्यायला सुरुवात केली आणि मग अमेरिकेत दारं उघडली. डॉ. वकिलांना १९५७ मध्ये अमेरिकेतलं मानाचं लास्कर पारितोषिक मिळालं. मुंबईत त्यांच्या नावाची जेवढी आठवण असायला हवी, तेवढी ती नाही, असं मला वाटतं.

त्याही आधीचं एक जनावर आहे. हिमालया या औषध कंपनीचे संस्थापक मोहम्मद मनाल यांनी ब्रह्मदेशात बिथरलेल्या हत्तींना ही मुळी चारून शांत करताना पाहिलं आणि त्यातून १९३४ मध्ये त्यांच्या गोळ्या निघाल्या, अशी हकीकत ती कंपनी सांगते. हत्तीच्या शेपटीला पट्टा कुणी बांधला नसणार.

रेसर्पीन आलं आणि धडाक्यानं चाललं. त्याआधी रक्तदाबावर सोसवेल असं औषध जवळपास नव्हतंच. आपल्याकडे 'अडेल्फेन' या गोळीचं नाव जुन्या पिढीला आठवत असेल, तिच्यात रेसर्पीन होतं. अमेरिकेत एडवर्ड फ्राइस यांनी माजी सैनिकांच्या इस्पितळांत एक चाचणी केली, तिचे निष्कर्ष १९६७ मध्ये आले. खालचा रक्तदाब ११५ ते १२९ इतका चढलेले १४३ पुरुष. निम्म्यांना रेसर्पीनसह तीन औषधं, उरलेल्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी. नुसत्या गोळीच्या गटात २७ जणांना मोठा आघात झाला, चौघं दगावले. औषधाच्या गटात मोठा आघात झाला तो दोघांना, आणि दगावलं कुणी नाही. रक्तदाब उतरवला तर माणूस वाचतो, हे इतक्या लख्खपणे तोपर्यंत कुणी दाखवलं नव्हतं. शेपटीच्या पट्ट्यानं हे कधीच दिसलं नसतं.

याच फ्राइस यांनी १९५४ मध्ये दुसरीही एक गोष्ट नोंदवली होती. रेसर्पीन घेणारे काही रोगी उदास होतात, कुणाकुणाला जगणंच नकोसं होतं. कान पाडून बसलेला ससा आठवा. सशांना दिलेली मात्रा दर किलो वजनामागे पाच मिलिग्रॅम होती. माणसाला पुढे ठरली ती सगळ्या देहाला मिळून दिवसाला पाव मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. साठ किलोच्या माणसाचा हिशेब केला तर सशाला किलोमागे हजारपटीहून अधिक मिळालं होतं. म्हणजे ससा बसला तसा प्रत्येक माणूस बसेल असं नाही. पण सुरुवातीच्या वर्षांत माणसांनाही पुष्कळ मोठ्या मात्रा दिल्या गेल्या आणि बदनामी झाली ती तेव्हाच. पुढे १९७४ मध्ये या औषधानं स्तनाचा कर्करोग होतो अशी हाकाटी झाली. पिंजऱ्यातल्या उंदरांना खरोखरच गाठी झाल्या होत्या. माणसांवरच्या नंतरच्या अभ्यासांत मात्र ती भीती टिकली नाही. तोपर्यंत दुसरी, कमी त्रासाची औषधं आली होती आणि रेसर्पीन मागे पडलं.

पुस्तकातली ही गोष्ट काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत येऊन बसली. एक निवृत्त शिक्षक आहेत, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. गप्पिष्ट माणूस. चहाच्या टपरीवर सकाळी त्यांचा दरबार भरायचा. ते हळूहळू दिसेनासे झाले. घरी गेलो तर भिंतीकडे तोंड करून बसलेले. नाक चोंदलेलं, पोट बिघडलेलं, बोलणं तुटक. घरच्यांना वाटलं, वय झालं. मुलगा दुबईला गेला त्याचं मनाला लागलं असेल, असंही कुणी म्हणालं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, मिनिटाला अठ्ठेचाळीस. त्यांनी विचारलं, "चाचा, माझ्या गोळ्यांखेरीज आणखी काय घेता?" चाचा म्हणाले, "काही नाही." चाची आतून म्हणाल्या, "काही नाही कसं? ती पुडी दाखवा की डॉक्टरसाहेबांना. रोज रात्री दुधातून चमचाभर घेतात." आठवड्याच्या बाजारात जडीबुटीवाल्याकडून घेतलेलं चूर्ण होतं, वर पेनानं 'सर्पगंधा' लिहिलेलं.

त्या चमचाभराचा हिशेब करून पाहा. एक किलो वाळलेल्या मुळीत रेसर्पीन एक ग्रॅमच्या आसपास असू शकतं, म्हणजे एक ग्रॅम चूर्णात एक मिलिग्रॅम. चमच्यात दोन-अडीच ग्रॅम चूर्ण मावतं. डॉक्टर पाव मिलिग्रॅमला थांबतात, तिथं हे आठ-दहा पट झालं. आणि हाही अंदाजच, कारण मुळी कोणत्या जमिनीतली, कोणत्या ऋतूत खणलेली, किती जुनी, यावर प्रमाण बदलतं. भेसळ असेल तर त्यात काहीच नसेल. शिवाय मुळीत एकटं रेसर्पीन नसतं, पन्नासाहून अधिक अल्कलॉइड असतात आणि त्यांतली काही हृदयाच्या ठोक्यांवरही काम करतात. 'झाडपाल्याचं आहे, अपाय काय व्हायचा?' हे वाक्य मला म्हणूनच पटत नाही. पंपावर जाऊन बसणाऱ्या रेणूला आपण कुठून आलो ते ठाऊक नसतं. तो मुळीतून आलेला असो की रसायनशास्त्रज्ञानं काचपात्रात घडवलेला असो. रॉबर्ट वुडवर्ड यांनी १९५६ मध्ये तो तसा घडवलाही.

चूर्ण बंद केल्यावर चाचांना टपरीवर परतायला चार-पाच आठवडे लागले. नव्या पखाली शिवून येईपर्यंतचा तो वेळ. डॉक्टरांच्या गोळ्या त्यांनी सोडल्या नव्हत्या, हे त्यांचं नशीब. कारण अशी पुडी घरात आली की गोळ्या बंद करणारेच जास्त, आणि रक्तदाब वाढलेला असला तरी काही दुखत नाही, त्यामुळे बंद केल्याचं कळतही नाही.

आयुर्वेदाची किंवा युनानीची टवाळी करायला मी हे सांगत नाही. गणनाथ सेन, अजमल खान, सिद्दिकी, वकील ही सगळी माणसं त्या मुळीवर विश्वास ठेवूनच कामाला लागली होती. जाणता वैद्य किंवा हकीमही मात्रा पाहून, नाडी पाहून औषध देतो. माझी तक्रार त्या आठ ओळींच्या बातमीशी आहे. लाल अंबाडीच्या फुलांचा अर्क असो, लसूण असो, उद्या आणखी काही येईल. उंदीर किती होते, मात्रा किती होती, अर्क पोटातून दिला की शिरेत टोचला, दाब पाच मिनिटं उतरला की पाच आठवडे, आणि उंदीर त्यानंतर कसा वागत होता, यातलं एकही बातमीत नसतं. शेवटचा प्रश्न तर मी कुठेच विचारलेला पाहिला नाही.

सिद्दिकींचं ते अजमलीन मात्र अजून कामावर आहे. रक्तदाबासाठी नव्हे. ब्रुगाडा नावाचा हृदयाचा एक विकार असतो, त्यात धडधाकट दिसणारा तरुण माणूस झोपेत अचानक दगावू शकतो आणि साध्या ईसीजीत तो विकार लपून राहतो. काही देशांत डॉक्टर संशयित रोग्याला देखरेखीखाली अजमलीन टोचतात, मग ईसीजीच्या रेघेत तो उघडा पडतो.

आणि सर्पगंधा? औषध मुळीत असल्यामुळे तिचा पाला खुडून भागत नाही, अख्खं झाडच उपटावं लागतं. १९५० च्या दशकात जगभरातून मागणी आली तेव्हा रानंच्या रानं खणली गेली. बी नीट रुजत नाही, आणि मुळी खणण्याजोगी व्हायला दीड-दोन वर्षं लागतात. १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराची बंधनं आहेत. रेसर्पीनसाठी आफ्रिकेतल्या तिच्या एका चुलत बहिणीची मुळीही वापरात आली. कोकणात कुणाच्या परसात, पोफळीच्या सावलीला हे झुडूप असेल तर आताच्या पावसात लाल देठांवर पांढरी फुलं आली असतील. ती पाहावीत, आणि झुडूप आहे तिथं राहू द्यावं.